एक बोट जास्त

फर्लो हा शब्द पेपर वाचणाऱ्या मराठी माणसाला तुरुंगामुळे ठाऊक असतो. अमका कैदी फर्लोवर सुटला तो परत गेलाच नाही, अशी बातमी असते. आमच्या घरात हा शब्द मिठासाखरेइतका नेहमीचा होता. 'सुट्टी' हा शब्द मी नंतर, शाळेत गेल्यावर शिकले. दर तीन वर्षांनी बाबांना फर्लो मिळायचा आणि टांझानियाच्या दक्षिणेकडच्या मसासीहून आम्ही वास्कोला आजीच्या घरी यायचो. ''शिक्षा नीट भोगली की मिळतो तो फर्लो,'' असं बाबा म्हणायचे आणि आई त्यांच्याकडे नुसती बघायची.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे गोरा साहेब डोळ्यांपुढे येतो. माझे बाबा सावळे, बुटके आणि मूळचे नगरकडचे. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, म्हणजे वानलेस साहेबांनी १८९४ साली सुरू केलेल्या त्या दवाखान्यात, त्यांनी शस्त्रक्रियेचा हात बसवला. गोवा मोकळा झाल्यावर आजोबा मुरगाव बंदरात कारकून म्हणून लागले आणि वास्कोचेच होऊन गेले. १९८१ साली चर्चच्या मंडळानं बाबांना मसासीजवळच्या एका मिशन हॉस्पिटलात पाठवलं तेव्हा मी चार वर्षांची होते. धाकटा भाऊ तिकडेच झाला, १९८३ साली.

वास्कोत आम्ही कुणालाच नीट कळायचो नाही. कॅथलिक शेजारी विचारायचे, ख्रिस्ती आहात तर इगर्जेत का दिसत नाही, घरात सायबिणीची, म्हणजे मरियेची, मूर्त कशी नाही. हिंदू शेजाऱ्यांना वाटायचं, नाव मराठी, जेवण मराठी, आजी संध्याकाळी ओसरीवर ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणते, मग हे लोक आहेत तरी कोण? वास्कोतली आमच्यासारखी मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबं मोजून दहाबारा, रेल्वेतली, बंदरातली आणि नेव्हीतली. रविवारी एका भाड्याच्या खोलीत सगळे जमायचे. बाबा आले की गल्लीतले एक वयस्क गृहस्थ फाटकाशी थांबून हमखास विचारायचे, ''दोतोर, थंय तुमी लोकांक बाटयतात?'' बाबा शांतपणे सांगायचे, ''तिथं माझ्या आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती आहेत. मी फक्त हर्निया शिवतो.''

फर्लोची सुरुवात पावलांपासून व्हायची. निघायच्या तीनचार महिने आधी आई जमिनीवर तपकिरी कागद पसरून आम्हाला त्यावर उभं करायची आणि पेन्सिल पावलाभोवती फिरवायची. गुदगुल्या व्हायच्या, पाय हलायचा, रेघ वाकडी व्हायची, मग दुसरा कागद. त्या कागदांवर नाव आणि तारीख घालून ते पाकिटातून वास्कोला जायचे. टपालाला महिना लागायचा, कधी दीड. आजी रेघेवरून पावलं कापायची आणि ती कागदी पावलं पिशवीत घालून बाजारात चपला घ्यायला जायची. १९८४ साली आम्ही आलो तेव्हा माझ्या चपला पायात शिरेनात. चार महिन्यांत पाऊल पुढे निघून गेलं होतं. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चपला बदलून आणल्या आणि पुढच्या वेळचा नियम तिनं स्वतःशीच ठरवून टाकला. कागदापेक्षा एक बोट जास्त.

मला सगळ्यात नीट आठवतो तो १९८७ चा फर्लो.

मसासीहून दारेसलामला जायचं तर मध्ये रुफिजी नदी. पूल नव्हता, तो झाला २००३ साली. फेरीसाठी आम्ही दीड दिवस काठावर बसून होतो, ट्रकांच्या रांगेत, उकडलेली अंडी खात. मग विमान, मुंबई, व्हीटीहून रात्रीची गाडी आणि मिरजेला उतरून मीटरगेज. मिरजेत बाबा जुन्या सहकाऱ्यांना भेटायला म्हणून जायचे ते चार तासांनी परत यायचे आणि आई ट्रंकांवर बसून राहायची. लोंढ्यानंतर घाट सुरू झाला की आम्ही खिडकीला चिकटायचो. एप्रिलअखेरचा दूधसागर म्हणजे खडकावरून ओघळणारी ताकाची धार. भावानं विचारलं, ''एवढंच?'' बाबांनी त्याला तीन वर्षं त्या धबधब्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

स्टेशनवर आजी होती. चार वर्षांच्या माझ्या भावानं तिच्यासमोर मान खाली घालून म्हटलं, ''शिकामो.'' किस्वाहिलीत लहानानं मोठ्याला करायचा हा नमस्कार. त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो'. आजीला वाटलं, पोरगा विचारतोय की काय शिकू. ''शीक की बाबा, काय हवं ते शीक,'' ती म्हणाली. पुढे तिला कळलं की यावर 'मराहाबा' असं उत्तर द्यायचं असतं आणि तिनं ते असं काही पाठ केलं की मासळीवालीलासुद्धा एकदा 'मराहाबा' म्हणून मोकळी झाली.

पण खरी फजिती दुसऱ्याच दिवशी बाजारात झाली. किस्वाहिलीत 'दादा' म्हणजे ताई आणि 'काका' म्हणजे मोठा भाऊ. 'मामा' म्हणजे आई. 'बाबा' तेवढे बाबाच. गर्दीत आई दिसेना तेव्हा माझा भाऊ भर बाजारात ''मामा! मामा!'' असं ओरडत रडायला लागला. लोक त्याला घेऊन मामाला शोधायला निघाले, निळा शर्ट घातलाय का, चष्मा आहे का असं विचारत. मी धावत गेले तर तो ''दादा!'' म्हणून माझ्या फ्रॉकला बिलगला. दोन वेण्यांचा हा दादा बघून सगळा बाजार हसत होता. मला रडू आलं. तिकडे आम्ही 'वाहिंदी', म्हणजे हिंदी लोक. इकडे आलो की आफ्रिकावाले.

त्या वर्षीच्या चपला मोठ्या झाल्या होत्या. आजीनं एक बोट जास्त धरलं, पण कागद गेल्यानंतर आम्ही दोघंही मलेरियात पडलो होतो आणि पावलांनी वाढायचं काम बहुधा पुढे ढकललं होतं. फटक फटक आवाज करत आम्ही गल्लीभर फिरायचो.

बाकी आजीचा हिशेब चुकायचा नाही. गोव्यात पावसाळ्याआधी पुरुमेंत भरतात, सुके बांगडे, सुंगटं, मिरच्या, कांद्याच्या माळा, सोलं. आजी ते दरवर्षी भरायचीच, पण फर्लोच्या वर्षी दुप्पट. फणसाचे गरे तळून डब्यात, मानकुराद आंब्याचा साठ उन्हात. आईनं एकदा म्हटलं, ''आई, आम्ही चारच महिने आहोत.'' आजी म्हणाली, ''चार महिन्यांचं नाही भरत मी. तीन वर्षांचं भरते.''

काजूची गंमत वेगळीच. मसासी हा काजूचा मुलूख, गोव्यासारखाच. ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणलेलं झाड इकडेही रुजलं नि तिकडेही. तिकडे काजू ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पडतो, इकडे मार्चपासून मेपर्यंत. त्यामुळे फर्लोच्या वर्षी आम्हाला दोन हंगाम मिळायचे, बोंडूंचा तो उग्र गोड वास दोन्हीकडे तोच. तिकडे बोंडूला 'बिबो' म्हणतात, इकडे कोवळ्या काजूगराला बिबे. तिकडच्या बोंडूच्या दारूला 'उराका', इकडे उर्राक. आखातातून येणारी शेजाऱ्यांची मुलं टू-इन-वन आणि परफ्यूम आणायची. आम्ही आणायचो काजू. काजूच्या गावात काजू. आजी एक तोंडात टाकून म्हणायची, ''आपल्यासारखेच आहेत,'' आणि मला ते फार लागायचं, कारण ते मी निवडलेले असायचे. शेजारची तिया उर्राकाची बाटली देऊन जायची, ''पोटाक बरो'' म्हणून. आमच्या घरात दारूचं नाव निघत नसे. आजी बाटली आदरानं घ्यायची आणि रात्री गुडघ्यांना चोळायची.

आईनं त्या वर्षी आजीसाठी कांगा आणला होता. पूर्व आफ्रिकेतल्या बायका नेसतात ते छापील कापड, काठाशी एखादी म्हण लिहिलेली. आजीनं विचारलं, काय लिहिलंय? मी वाचलं, ''वेमा हाउओझी. म्हणजे चांगुलपणा कुजत नाही.'' आजीनं सुक्या बांगड्यांच्या डब्याकडे एकदा बघितलं. ''चांगुलपणाचं माहीत नाही,'' ती म्हणाली. तो कांगा पुढे गोधडीच्या पोटात गेला.

आता फर्लोतला मला न आवडणारा भाग. चार महिन्यांतले दीडदोन महिने बाबा घरी नसायचेच. त्याला डेप्युटेशन म्हणत. ज्या मंडळ्यांच्या वर्गणीवर आमचं तिकडचं काम चालायचं, त्यांच्यापुढे जाऊन हिशेब द्यायचा. नगर, पुणे, नाशिक, सोलापूर. शाळेला सुट्टी असेपर्यंत आम्हालाही जावं लागे. सभागृहात पडदे ओढले जायचे, स्लाइड प्रोजेक्टरची घरघर सुरू व्हायची आणि भिंतीवर आमचं अंगण दिसायचं, आमचं पपईचं झाड, आमच्याकडे काम करणाऱ्या बाई. लोक 'अरेरे' म्हणायचे. कशाला अरेरे, ते मला समजायचं नाही. त्या बाई माझ्याशी बाओ खेळायच्या आणि दरवेळी जिंकायच्या. मग आम्हा दोघांना कांगा गुंडाळून किस्वाहिली गीत म्हणायला उभं केलं जायचं. दहाव्या वर्षी मी ठरवलं होतं की पुढच्या फर्लोत माझा आवाज बसलेला असेल. बसलाही.

नाशिकची गोष्ट मात्र बाबा रंगवून सांगायचे. तिथल्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीनं गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम आणि शाळा काढली होती. १८७३ साली लिव्हिंगस्टन हा स्कॉटिश मिशनरी आफ्रिकेच्या आत कुठेतरी वारला तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं, देह वाळवला आणि महिनोन्महिने चालत समुद्राकाठी आणला. त्यांतला जेकब वेनराइट हा शरणपूरला शिकलेला मुलगा. झाडावर अक्षरं कोरली त्यानंच. तो शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला आणि १८७४ च्या एप्रिलात वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये खांदेकऱ्यांत उभा राहिला. ''लिव्हिंगस्टनचा हा शेवटचा फर्लो,'' असं बाबा भाषणात म्हणायचे. पाळकांना ते रुचत नसे. मला मात्र लिव्हिंगस्टनपेक्षा शरणपूरच्या त्या मुलांचं वाटायचं. लहानपणीच पकडून नेलेली, गोदावरीकाठी वाढलेली, आणि मोठी झाल्यावर त्यांतल्या कितीजणांना मोम्बासाजवळच्या फ्रेरे टाउनला नेऊन वसवलं, का तर ते त्यांचं घर. घर म्हणून दाखवलेल्या किनाऱ्यावर उतरताना ती मुलं काय म्हणाली असतील? मामा मामा ओरडणारा माझा भाऊ मला आठवायचा.

गोव्यात तेव्हा कोंकणी की मराठी यावरून वातावरण तापलेलं होतं. फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला होता आणि ३० मे ला गोवा राज्य झालं, देशातलं पंचविसावं. आम्ही त्या दिवशी वास्कोतच होतो. गल्लीतल्या पोरांनी मला गाठून विचारलं, तुझी भास कंची? मी विचारात पडले. शाळेत इंग्रजी, खेळायला किस्वाहिली, घरात मराठी. कोंकणी आजीच्या बाजाराची. आजीला विचारलं तर ती तांदूळ निवडत म्हणाली, ''मासळीवालीशी कोंकणी, देवाशी मराठी. बाकीच्यांशी ज्याला जे कळेल ते.'' वादाची इतकी सरळ वाटणी मी नंतर कुठल्याही पुढाऱ्याकडून ऐकलेली नाही.

एका संध्याकाळी तिया ओसरीवर आली आणि पाद्री जुझे वाझची गोष्ट सांगायला लागली. आमच्या वास्कोशेजारच्या सांकवाळच्या घराण्यातला हा पाद्री. १६८७ साली डचांच्या ताब्यातल्या सिलोनला लपूनछपून गेला, मजुराच्या वेषात. बरोबर तीनशे वर्षं झाली होती. तिथंच राबला आणि १७११ साली कँडीत वारला. परत म्हणून आला नाही. (त्याला संत ठरवलं ते पुढे, २०१५ साली.) बाबांनी लगेच फादर स्टीफन्सची भर घातली. लंडनच्या व्यापाऱ्याचा मुलगा, १५७९ साली गोव्यात उतरला, उतरल्यावर महिन्याभरात बापाला लांबलचक पत्र लिहिलं, वारा, मासे, पक्षी, खलाशांची आजारपणं, सगळं. मग चाळीस वर्षं इथंच. आपल्या मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्या लिहून १६१९ साली इथंच मेला. तोही घरी गेला नाही. बाबांचा आवाज अशा वेळी जरा भारावलेला असायचा.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ''त्यांना आया होत्या का?''

बाबा म्हणाले, ''असणारच की.''

''मग त्यांचं काय झालं ते सांग.''

त्यावर कुणी काही बोललं नाही. तियानं क्रूस केला. बाबा उठून विहिरीवर गेले आणि पाणी भरलेलं असतानाही दोन बादल्या काढल्या.

त्या भाड्याच्या खोलीत दर रविवारी 'परदेशी गेलेल्या सेवकांसाठी' प्रार्थना व्हायची. आमची नावं घेऊन. आजी तिथंच बाकावर बसलेली असायची, पाच हातांवर, आणि तिच्यासाठी वेगळी प्रार्थना करावी असं कुणाला कधी सुचलं नाही. गेला तो सेवक, राहिली ती आई. मलाही हे सुचायला चाळिशी उलटावी लागली, त्यामुळे मंडळीला बोल लावण्यात अर्थ नाही. बाबा मात्र मला वाटतं त्या ओसरीवरच समजले. त्या फर्लोत ते सोलापूरला गेले नाहीत. मंडळाला तार केली, तब्येत ठीक नाही. बाबांनी माझ्या माहितीत सांगितलेलं हे एकच खोटं. त्या आठवड्यात त्यांनी आजीच्या स्वयंपाकघराची कौलं चाळली, आणि ती खाली उभी राहून ''हळू रे, हळू'' असं करत होती, म्हणजे चाळीस वर्षांचा सर्जन झाडावर चढलाय जसा काही.

आम्ही निघायच्या आधी श्रावणात दामोदराचा सप्ताह आला. वास्कोचा भजनी सप्ताह, जुन्या काळी साथ आली तेव्हा जांबावलीच्या दामोदराचा नारळ आणून सुरू केलेला. अखंड चोवीस तास भजन आणि बाहेर जत्रा. आमच्या लोकांना देवळात जायचं नसे. आजी गेलीही नाही. पण रात्री जेवणं आटोपल्यावर ती ओसरीच्या पायरीवर बसली, मी तिच्या मांडीला टेकून. पाऊस थांबला होता. लांबून पखवाज आणि टाळ येत होते. एक अभंग सुरू झाला आणि आजी त्याच चालीवर टिळकांचे शब्द म्हणायला लागली, अगदी हळू, ठेका न चुकवता. तिकडे विठ्ठल, इकडे ख्रिस्त, आणि टाळ दोघांना एकच. मी तिला विचारलं, तुला चालतं का हे? ती म्हणाली, ''चाल काय देवाची असते? चाल आपली.''

परत जाताना ट्रंकांत साबण, कुकरचे गॅस्केट, सुयादोरे, मसाले. तिकडे तेव्हा साबणसाखरेलाही रांगा असायच्या. स्टेशनवर आजी आली नाही. ती कधीच पोचवायला यायची नाही, फक्त आणायला.

नंतरचे दोन फर्लो मला धूसर आठवतात. मी मोठी झाले होते, घुमी झाले होते, वास्कोत कंटाळायचे. १९९५ साली आजी गेली. हॉस्पिटलला फोन आला तेव्हा तिला माती देऊन दोन दिवस झाले होते. बाबांनी त्या दिवशीची ऑपरेशनं केली, तीन होती. फर्लो पुढच्या वर्षी होता आणि तो ठरल्या तारखेलाच मिळाला. स्टेशनवर तिया आली होती. घरात शिरलो तर पुरुमेंताचे डबे रिकामे, पण घासून उपडे ठेवलेले. आजीच्या बायबलात, स्तोत्रांच्या पानांमध्ये, आमची कागदी पावलं होती, तारखांसकट. भावानं जमिनीवर ठेवून बघितली. सगळ्यात जुनं त्याच्या टाचेएवढंही नव्हतं.

आता त्या घरात मी राहते. भाऊ फिरून तिकडेच गेला, दारेसलामला नोकरी, तिथलीच बायको. मिशनचा काही संबंध नाही, त्याला फर्लो नाही, नुसती सुट्टी असते आणि तीही पुरत नाही. त्याची मुलगी सहा वर्षांची आहे. व्हिडिओवर ती मान खाली घालून म्हणते, ''शिकामो, शांगाझी.'' शांगाझी म्हणजे आत्या. मी मराहाबा म्हणते. मग ती मला तिचे दात दाखवते, पडलेले आणि हलणारे.

परवा भावानं तिच्या पावलाचं माप पाठवलं, साडेसतरा सेंटिमीटर, फूटपट्टीसकट फोटो. तिकिटं डिसेंबरची आहेत. मी बाजारात जाऊन निळ्या पट्ट्यांच्या चपला काढायला लावल्या आणि फोनवरचा फोटो दुकानदाराला दाखवला.

तो म्हणाला, ''पोरीलाच घेऊन या ना, बाय. घालून बघू.''

''ती नाही इथं. तुम्ही एक बोट जास्त द्या.''

''कुणाचं बोट?'' त्यानं विचारलं.

मी माझं पुढे केलं.